पीए, एफ3 आणि नॉर्मल डॉट

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. मशीन विंडोज एक्सपीचं, त्यावर वर्ड 2003. दोघांचाही सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. पण माझे सगळे नमुने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, म्हणून अजून तेच चालवते.

जुलैत एका संध्याकाळी वर्ड बंद करताकरताच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी बदलायचं मी दोन वर्षं टाळत होते. सकाळी वर्ड उघडलं की पांढरं पान यायचं आणि लगेच गैरसोयीबद्दल दिलगिरी मागून सगळं बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारू." त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

स्टार्ट मेनूतल्या 'रन'मध्ये विनवर्ड, मग एक जागा, तिरपी रेघ आणि ए असं टाकलं. अशाने ॲड-इन (वर्डला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आणि नॉर्मल डॉट (वर्डची मूळ नमुना फाइल) न घेता वर्ड उघडतं. उघडलं! म्हणजे खोट त्या दोघांपैकी एकात. आधी फॉन्टचं ॲड-इन स्टार्टअप फोल्डरमधून काढून पाहिलं. बिचाऱ्यावर उगाच संशय. राहिली नॉर्मल डॉट. ती 'ॲप्लिकेशन डेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, तिथवर पोचायलाच अर्धा तास गेला. वर्ड बंद होताना यातलेच बदल सेव्ह होतात. लाइट नेमकी कधी गेली होती ते आठवलं आणि कपाळावर हात मारला. फाइलचं नाव बदललं, वर्डने आपली आपण नवी कोरी बनवली आणि सुरळीत उघडलं.

पहिल्याच गिऱ्हाइकाला प्रतिज्ञापत्र हवं होतं. पी, ए टाइप केलं आणि एफ3 दाबलं. एरवी अख्खा मसुदा पडतो. आज नुसतं पीए. बारा वर्षांचे ऑटोटेक्स्ट, म्हणजे अशा छोट्या नावांनी साठवलेले मसुदे, जुन्या फाइलीत राहिले होते! पोटात गोळाच आला. मग टूल्समधून ऑर्गनायझर उघडला. एका बाजूला जुनी फाइल, दुसऱ्या बाजूला नवी, हवं ते निवडून कॉपी करायचं. ऑटोटेक्स्ट आले, स्टाइल आल्या. मॅक्रोवर, म्हणजे वर्डमध्येच लिहिलेल्या माझ्या छोट्या प्रोग्रॅमवर, कॉपी म्हटलं की वर्ड आडवं. तीनदा केलं, तीनदा आडवं. बिघडलं होतं ते तेच.

तो मॅक्रो आकड्यावरून रक्कम अक्षरी लिहायचा. आपल्याकडे शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द निराळा, ते सगळे मी एका दिवाळीच्या सुट्टीत बसून भरले होते. आता हातानेच टाइप करते. काल हातउसन्याच्या पावतीवर एकोणसाठ हजारांचे एकोणसत्तर झाले. घेणाऱ्या म्हातारबांनीच पकडलं.