रंजकाच्या वाटीतलं कुंकू

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या वाड्यात पाय ठेवला आणि काहीतरी चुकलंय हे आधी नाकाला कळलं. भांडी चमकवणाऱ्या दुकानातून तापलेल्या पॉलिशच्या वडीचा वास येतो ना, तोच वास चौकात भरून राहिला होता. ओसरीवर सतरंजी अंथरून तीन बंदुका मांडल्या होत्या. त्यांतली एक स्टीलच्या नव्या डब्यासारखी लखलखत होती.

गोष्ट 2020 च्या नोव्हेंबरातली, दिवाळीच्या जरा आधीची. आदल्या वर्षी डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली होती आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं होतं. वडिलोपार्जित असल्या तरी तेच. जास्तीची वर्षभरात जमा करायची. या घराच्या परवान्यावर तीन होत्या, म्हणजे एक जाणार हे नक्की. ती मालखान्यात गंजत पडण्यापेक्षा जाणत्या माणसाकडे जावी, एवढीच माईसाहेबांची इच्छा. पुण्याहून आणि इंदूरहून एकेक संग्राहक बघायला येणार होते. दोघांच्याही परवान्यावर एकेक जागा मोकळी होती. मी धातूच्या जुन्या वस्तूंचं जतन करते. तिन्ही बंदुका तपासून प्रत्येकीची अवस्था लिहून द्यायची, हे माझं काम.

"ताई, पाहुणे येणार म्हणून काल एक तरी नीट करून घेतली," माईसाहेबांचा नातू म्हणाला. "तो पॉलिशवाला बाकीच्या दोन आज दुपारी करणार आहे."

मी त्याला आधी फोन लावायला सांगितलं आणि पॉलिशवाल्याचं येणं रद्द करवलं. मुलावर रागावण्यासारखं काही नव्हतं. घरात कार्य असलं की आपण समया उजळून घेतो. त्यानं तेच केलं होतं.

ठासणीची बंदूक हातात आली की सगळ्यात आधी ती भरलेली आहे का ते बघायचं. नळीत गज टेकेपर्यंत सोडायचा, तोंडाशी अंगठ्यानं खूण धरायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघायचा. टोक बत्तीच्या भोकापर्यंत, म्हणजे नळीच्या बुडाशी दारू पेटवायच्या भोकापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. तिन्ही रिकाम्या निघाल्या. पण काल ही लखलखती दुनळी फिरत्या चाकावर धरताना कुणीच ते पाहिलं नव्हतं. नातवाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

दुनळी विलायती, शिकारीची, एकोणिसाव्या शतकातली. अशा नळ्यांसाठी लोखंड आणि पोलादाच्या सळया एकत्र तापवून पिळायचे, त्यांची पट्टी काढायचे आणि ती दांड्याभोवती गुंडाळून घणाखाली सांधायचे. मग नळीवर मुद्दाम गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. लोखंड आणि पोलाद हा गंज वेगवेगळा घेतात, म्हणून तपकिरी अंगावर पाण्याच्या भोवऱ्यांसारखी नक्षी उमटते. ही नक्षी म्हणजे कारागिरानं दिलेला शेवटचा हात. पॉलिशच्या चाकानं तो अर्ध्या तासात पुसला होता. दोन नळ्यांमधल्या पट्टीवरच्या, बनवणाऱ्याच्या नावातली तीन अक्षरं तेवढी वाचता येत होती. कळीवर, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या पत्र्यावर, कोरलेला कुत्रा होता. त्याचे कान गेले होते. स्क्रूंच्या खाचांच्या कडा मेणासारख्या ओघळल्या होत्या आणि प्रत्येक खाचेत पॉलिशची हिरवी मळी बसली होती.

असली चूक मीही केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका संग्रहालयात अशाच एका नळीवरचा तपकिरी थर मी गंज समजून उतरवला. चार दिवस खपून, बारीक पोलादी लोकरीनं, अगदी मन लावून. वरिष्ठांनी पाहिलं आणि म्हणाले, "हा गंज नव्हता, हे रंगकाम होतं." तेव्हापासून नळीवरच्या तपकिरी रंगाला मी आधी बांबूच्या काडीनं हात लावते. भुकटी होऊन केशरी पडला तर तो जिवंत गंज, तो खातो, त्याला थांबवायचं. घट्ट आणि काळसर असेल तर तो आता धातूचं कातडं झालेला असतो.

अकराच्या सुमारास दोघेही आले. पुण्याचे गृहस्थ निवृत्त इंजिनिअर, अतिशय मोजकं बोलणारे. त्यांनी दुनळीकडे एकदा पाहिलं आणि हातसुद्धा लावला नाही. इंदूरच्या दादांनी मात्र ती उचलून उन्हात धरली. "वा! ही बघा, हिला म्हणतात बंदूक."

त्यांना अडाणी समजू नका. चाळीस वर्षं ते हे करतायत आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाई आपली नळी रोज विटेच्या पुडीनं घासून पांढरी ठेवायचा. डाग दिसला तर शिक्षा. तेव्हा अशा बंदुकीवर आज दिसणारा तपकिरी थर पुढच्या दीडशे वर्षांच्या हयगयीनं दिला. "मग अस्सल कोणतं?" दादा विचारत होते. "शिपायाच्या हातात होतं ते, की अडगळीत पडून झालं ते?"

पुण्याच्या काकांचं उत्तर एका वाक्याचं होतं. "तुम्ही घासाल ती चमक तुमची, शिपायाची नव्हे."

मग अर्थातच श्रेणीचा विषय निघाला. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशननं जुन्या बंदुकांसाठी अवस्थेची श्रेणी ठरवून दिली आहे, 'फॅक्टरी न्यू' पासून 'पुअर' पर्यंत. सगळे भाग मूळचे आणि मूळ रंगकाम 80 टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर 'एक्सलंट'. जगभरचे संग्राहक ती वापरतात, हे दोघेही वापरतात, आणि विलायती दुनळीला ती लागूही पडते. पण आपल्याकडच्या तोडेदार, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायच्या, बंदुकीला कसली फॅक्टरी आणि कसले टक्के? नळी एकाची, लाकडी कुंदा दुसऱ्याचा, नातवानं बदललेला, चामड्याचे बंध दर काही वर्षांनी नवे. तिची एकच एक 'मूळ' अवस्था कधी नव्हतीच. आपले लोक त्या तक्त्यात आपल्या वस्तू कोंबतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी बंदूक कंपनीची. कळीवर मुकुट धरलेला उभा सिंह, म्हणजे 1808 नंतरची. घरात सांगतात की ती 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूरच्या लढाईत होती. त्या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी ग्वाल्हेरचं सैन्य इंग्रजांशी लढलं, आणि जिंकलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या शिपायांना पदकं घडवून दिली. सिंहाचं वर्ष या कथेला आडवं येत नाही, पण ती सिद्धही करत नाही. मी कथा 'घरची आठवण' म्हणून वेगळ्या ओळीत लिहिली. माईसाहेबांना ते फारसं आवडलं नाही.

ही मुळात चकमकीची, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी. नंतर कुणी तरी ती टोपीची, म्हणजे घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीची, करून घेतली. भिंगाखाली कळीच्या पत्र्यावर तीन छोटी वर्तुळं दिसतात, भोवतालच्या पोलादापेक्षा किंचित फिकट. चकमकीचं पोलाद, त्याची कमान आणि रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची, वाटी जिथे बसवलेली होती, ती भोकं तिथे बुजवली आहेत. बत्तीच्या भोकात टोपी बसवायची नळकांडी आटे पाडून घट्ट केलेली आहे. तिच्या मागचं लाकूड काळं पडून बोटाच्या पेराएवढं खोल गेलंय. टोपी फुटली की बाजूला ठिणगी उडते. इतकं लाकूड जाळायला एखाद-दुसरा बार पुरत नाही. म्हणजे हा बदल शोभेसाठी नव्हता. पावसात चकमक ओली पडते, टोपी पडत नाही. ज्याला ही बंदूक खरोखर वापरायची होती त्यानं ती बदलली.

दादा वाकून म्हणाले, "ताई, हिला परत चकमकीची करता येईल? भाग मी देतो. किंमत कुठल्या कुठे जाईल."

करता येतं, आणि चांगले हात करतातही. बुजवलेली भोकं उघडायची, नळकांडी काढायची, जुनी दिसेल अशी वाटी बसवायची. पण मग त्या जळक्या लाकडाचं काय? ते दिसू नये म्हणून तिथे थिगळ लावायचं, थिगळ दिसू नये म्हणून सगळा कुंदा रंगवायचा. एका खोट्यासाठी पुढची चार. मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण पुण्याचे काका पहिल्यांदा हसले.

ते हसू फार टिकलं नाही. तिसरी, तोडेदार बंदूक, त्यांना हवी होती आणि ती पाहून ते खट्टू झाले. नळी पांढरी होती. चाकाची नव्हे, हाताची चमक, तरी पांढरीच. "हिलाही घासलंय," ते म्हणाले.

"आम्हीच," माईसाहेब म्हणाल्या. इतका वेळ त्या झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. "दर खंडेनवमीला. विटेची पूड चाळून घ्यायची, तिळाच्या तेलात कालवायची, मऊ फडक्यानं लांबीत घासायची. आडवं नाही घासायचं. मला सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी."

मी नळी खिडकीशी नेली. खरंच होतं. चाकाचे ओरखडे गोल फिरतात. इथले सगळे लांबीत, केसासारखे बारीक. कडा झिजल्या होत्या पण ओघळल्या नव्हत्या. विटेची पूड आणि तेल ही कंपनीच्या शिपायाचीच रीत, आणि ती या घरात अजून चालू होती. दादांचा सकाळचा प्रश्न माझ्या डोक्यात पुन्हा उभा राहिला, आणि या एका बंदुकीपुरतं त्याचं उत्तर मला सापडलं होतं. इथे चमक कधी थांबलीच नव्हती.

मग मी रंजकाच्या वाटीवरचं झाकण सरकवलं. वाटी उजव्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढी. आत झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या, याच वर्षीच्या. त्याखाली अक्षतेचा एक दाणा. आणि तळाशी, बत्तीच्या भोकाच्या भोवती, कुंकवाचा थर. वरचा लाल, खालचा विटकरी, अगदी खालचा जवळजवळ काळा. वर्षानुवर्षांच्या नवम्या एकावर एक बसलेल्या.

"हे स्वच्छ करून द्याल ना?" काकांनी विचारलं. अस्सल, हात न लागलेली वस्तू हवी असणारा माणूस हे विचारत होता. मी त्यांना तसं म्हटलं, तेव्हा ते थबकले, त्यांनी माझ्याकडून भिंग मागून घेतलं आणि वाटीवर बराच वेळ वाकून राहिले. परत देताना म्हणाले, "नाही. राहू द्या." आणि थोड्या वेळानं माईसाहेबांना, "ही तुम्ही देऊ नका कुणाला. मलासुद्धा."

दुनळी इंदूरला जायची ठरली. दादा खूश होते. तिच्यावर चाक कधी फिरलं ते मी नोंदीत तारखेसकट लिहिलं आणि त्यांनी वाचून खाली सही केली. पुढचे कागद जिल्हा कार्यालयात व्हायचे होते.

निघण्याआधी माईसाहेबांनी विचारलं, पुढच्या नवमीला पूजा करायची की नाही. करायची, मी म्हटलं. फुलं बंदुकीवर न ठेवता समोर ठेवा, ओल धरतात. विटेची पूड आता पुरे, नुसतं तेलाचं फडकं फिरवा. कुंकू कोरडं लावा.

पाकळ्या चिमट्यानं काढून मी कागदाच्या पुडीत घातल्या, पुडी त्यांच्या हातात दिली. अक्षतेचा दाणा आणि कुंकू होतं तिथेच ठेवलं, झाकण सरकवलं, आणि नोंदीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: वाटीत कुंकवाचे थर, सुस्थितीत. काढू नयेत.