हौदा

शोरूममधून नवी पिकअप आली त्या संध्याकाळी अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वेल्डिंगवाल्याच्या दारात नेऊन उभी केली. मला वाटलं, पहिल्याच रात्री कुठं घासली की काय.

"घासली नाही हो सर. कंपनीनं नुसता डबा दिलाय. गाडी आता बनवायची."

अण्णांचा धंदा टॉवेलच्या गठ्ठ्यांचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांतून उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायचे. आधी त्यांच्याकडे छोटा हत्ती होता. टाटांची ही गाडी २००५ मध्ये आली आणि बघता बघता तिचं कंपनीनं दिलेलं नाव लोक विसरूनही गेले. त्या हत्तीवर अण्णांनी दोन लेकींची शिक्षणं केली. आता ही नऊ फुटी हौद्याची पिकअप, सतराशे किलो माल वाहणारी.

मला त्या दिवशी काही काम नव्हतं. निवृत्त मास्तराला वेल्डिंगचं दुकान म्हणजे फुकटचं थिएटर. स्टूल ओढून बसलो.

सगळ्यात आधी हौद्याच्या तळाला चेकर प्लेट, म्हणजे उंचवट्यांच्या नक्षीचा जाड पत्रा, बसली. तिच्यावर काळी रबरी मॅट. मी म्हटलं, टॉवेल तर वाहायचे, एवढी चैन कशाला? तेव्हा अण्णांनी हत्तीच्या वेळची हकीकत सांगितली. त्या हौद्यात त्यांनी स्वस्तात प्लाय टाकला होता. पावसाळ्यात तो फुगला आणि एका खिळ्याचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं वर आलं. कुणाला दिसणार? गठ्ठा ओढताना वरचं वेष्टन फाटलं, खिळा आत शिरला. टॉवेलचा एक फासा अडकला की तो एकटा येत नाही, सगळी रांग घेऊन येतो. तीन-चार टॉवेलांवर वीतभर रेघ पडली, आणि व्यापाऱ्यानं आख्ख्या गठ्ठ्याचे पैसे भाड्यातून कापले. अण्णा बोलता बोलता मॅटवरून तळहात फिरवत होते. कडेपासून कडेपर्यंत, कोपऱ्यातसुद्धा.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. मार्केट यार्डाबाहेर हैदराबाद रोडला पिकअप उभ्या दिसल्या की मी हौद्यात डोकावतो. नंबर सगळ्यांचा एमएच १३, कंपन्याही दोन-तीनच, पण हौदा बघितला की मालकाचं पोट कशावर चालतं ते कळतं. कांदेवाल्याच्या बाजूंना जाळी असते, कारण कांदा कोंडला की तापतो आणि तापला की सडतो. वर कमानी, त्यावर ताडपत्री, म्हणजे पाऊस आला तरी ताडपत्री गोण्यांवर बसत नाही. शेरडं नेणाऱ्याचा हौदा दुमजली. दूधवाल्याकडे आडवी दांडी, कॅन कलंडू नये म्हणून. आणि जिथं नुसता कोरा पत्रा दिसतो, तिथं समजायचं की गडी नवा आहे, अजून नुकसान व्हायचंय.

माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्याकडेही पिकअप आहे, आपल्या दोन बसतील एवढी. हौद्याला आतून रबरासारखा लेप, वर घडी होणारं झाकण, आत दिवे. व्हिडिओ कॉलवर त्यानं कौतुकानं सगळं दाखवलं. विचारलं, यातून आजवर काय वाहिलंस? म्हणाला, "एकदा सायकल नेली." अण्णांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाकण केवढ्याला पडलं म्हणे?"

पाट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, विषय थोडक्यात. मागं एक पाटा जास्तीचा टाकला की भरलेली गाडी बसत नाही, रिकामी मात्र खड्ड्याखड्ड्याला उडी मारते. पाटा वाढवला म्हणून कागदावरचे सतराशे किलो वाढत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि वजनकाटा समोर येईपर्यंत कुणालाच आठवत नाही. अण्णांनी हौद्याची उंची तेवढी वाढवली नाही. आरटीओत कोण हेलपाटे घालणार, म्हणाले.

मग रेडियमवाला. मागे लाल पट्टी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. हे नियमाचं, त्यात निवड नाही. निवड काचेवर. सोलापूरच्या गाडीचं एका देवावर भागत नाही. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीस, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर, आणि सिद्धेश्वर तर गावातच. कुणाला वर घ्यायचं आणि कुणाला खाली, यावर अण्णा आणि वहिनी यांच्यात फोनवर पंधरा मिनिटं वाटाघाटी झाल्या. मागच्या फाळक्यावर काय लिहायचं ते मात्र ठरेना. 'हॉर्न ओके प्लीज'वर राज्यात २०१५ पासून बंदी. रेडियमवाल्यानं मोबाईलमधल्या शायऱ्या दाखवल्या, बहुतेक सगळ्या प्रेमात दगा मिळाल्याच्या. अण्णांनी हात जोडले. "लेकी बसतात बे गाडीत." फाळका कोरा राहिला.

संध्याकाळी काम उरकलं. लिंबू-मिरची बांधून झाली, आरशांना काळे गोंडे लागले. अण्णांनी सीटखालून एक फडकं काढून उघडलं. आत धोटा होता, मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा. लाकडी, तेल पिऊन काळा पडलेला, टोकाचं पितळ एका बाजूनं झिजलेलं. वडिलांच्या मागावरचा. आता बऱ्याच कारखान्यांत बिनधोट्याचे माग आलेत, त्यामुळे रेडियमवाल्या पोराला ही वस्तू काय आहे तेच कळेना. हातात घेऊन उलटसुलट करत त्यानं विचारलं, "अण्णा, होडी आहे का ही?"

अण्णांनी तो आतल्या आरशाला दोरीनं टांगला. मला घरी सोडताना आसरा चौकाच्या अलीकडे मोठा खड्डा लागला आणि धोटा काचेवर टक्कन आपटला. पुढं पुन्हा खड्डा, पुन्हा टक्. मी म्हटलं, अण्णा, काच जाईल एखाद्या दिवशी.

"जाऊ दे की," ते म्हणाले, आणि पुढच्याच सिग्नलला धोट्याच्या टोकाला रबराचा तुकडा गुंडाळायला लागले.