रात्री दोननंतरचा आवाज

मी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजी शिकवतो आणि महिन्यातून एका शनिवारी कुडाळला ओपीडी घेतो. गेल्या मार्गशीर्षात, जत्रांच्या ऐन हंगामात, दशावतारातला एक नट माझ्याकडे दुसऱ्यांदा आला. चाळिशी ओलांडलेला, राजाच्या भूमिका करणारा.

पहिल्या खेपेला सकाळी सव्वानऊला मी त्याला तपासलं होतं. सगळं नॉर्मल. एमआरआय तो आधीच करून आला होता, तोही नॉर्मल. आमच्याकडे हल्ली रुग्णाशी कुणी बोलायच्या आधी त्याचा एमआरआय झालेला असतो. 'आवाज जातो' या तक्रारीपुढे मी 'ताण' लिहिलं आणि झोपेची गोळी दिली. खाली सही माझीच आहे.

या वेळी सोबत पखवाजवाला होता.

"डॉक्टरांनू, सकाळी ह्याका काय्येक नसता. रात्री दोन वाजले की आवाज नाकात जाता. लोक म्हणतत पिवान इलो."

केव्हा होतं, हे मी पहिल्यांदा विचारलंच नव्हतं. विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी मी हेच शिकवतो.

संध्याकाळचे पाच वाजले होते. एरवी आम्ही रुग्णाला मोठ्याने आकडे मोजायला लावतो. मी त्याला म्हटलं, "जरासंध बोला." दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. तो उठला, पदर सावरावा तसा शर्ट सावरला आणि सुरू झाला. पहिली पाच-सहा मिनिटं बाहेरची रांगही गप्प होती. मग 'ब'चा 'म' व्हायला लागला, 'द'चा 'न'. टाळू वर उचलला जात नव्हता, हवा नाकातून निसटत होती. बाराव्या मिनिटाला तो थांबला. गेले काही महिने आपण वाक्यं आखूड करतोय, हे त्याने तेव्हा सांगितलं. घरीसुद्धा बोलला नव्हता.

छताकडे एकटक बघायला लावलं. मिनिटभरात डावी पापणी खाली आली.

माझ्या रेसिडेंटने समोरच्या मासेवालीकडून बर्फ आणला, हातमोज्यात भरला. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढल्यावर पट्टीने मोजलं: पापणी ३ मिलिमीटर वर. मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेकडून स्नायूला निरोप देणारं अॅसिटिलकोलीन तयार होतं, पण ते झेलणाऱ्या जागा शरीराच्याच प्रतिपिंडांनी अडवलेल्या असतात. सुरुवातीचे निरोप पोचतात, स्नायू राबत गेला की कमी पडतात. अॅसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम थंडीत मंदावतं, म्हणून बर्फाने पापणी उघडते. औषधही त्याच एन्झाइमला अडवतं. १९३४ साली लंडनमध्ये मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिन देऊन ते पहिल्यांदा दाखवलं. आज आम्ही पायरिडोस्टिग्मिन देतो.

झोपेच्या बऱ्याच गोळ्या या आजारात टाळायच्या असतात. मी दिलेलीही त्यातलीच. ती खाऊन तो खेळाला उभा राहिला असता तर काय झालं असतं, हे मला अजून रात्री आठवतं. फाइलच्या मागे टाळायच्या औषधांची यादी मी स्वतःच्या हाताने लिहिली. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन सर्वांत वर, कारण तापाला ती इथे सर्रास दिली जातात. अँटिबॉडीसाठी रक्त घेतलं, छातीतल्या थायमस ग्रंथीच्या गाठीसाठी छातीचा सीटी सांगितला.

"जत्रेत उभा राहू ना?" त्याने विचारलं.

मुंबईत मी सरळ नाही म्हणालो असतो. इथे हंगामाची कमाई वर्षभर पुरवायची असते. गिळायला त्रास नव्हता, श्वास चांगला होता. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीचा असर तीन-चार तास टिकतो आणि आख्यान पहाटेपर्यंत चालतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात या वेळांचा डोस नाही. शेवटी सीटी होईपर्यंत फक्त पूर्वार्धातली छोटी भूमिका असं ठरलं, आणि प्रवेशाच्या तासभर आधी गोळी. मी बरोबर केलं का, मला अजून ठरवता येत नाही.

पखवाजवाल्याला मी एक काम दिलं. दर प्रवेशानंतर याला एका श्वासात आकडे मोजायला लाव. वीसच्या खाली गेला, किंवा पाणी नाकातून आलं, तर रंग न उतरवता गाडीत घालून थेट गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल.

पुढच्या शनिवारी रात्री साडेबाराला फोन वाजला. मागे पायपेटी आणि झांज.

"डॉक्टरांनू, एकतीस."