सरवट्यावरून बस, पुढे पायी: जानापाव आणि पातालपाणी

माझी आत्या लग्न होऊन चांदवडला गेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, आमचा दादा, द्राक्षबागायतदार. अशा माणसाला घर सोडून कुठे जायचं तर भाद्रपदच सोयीचा. एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली असते, काड्या पिकत असतात. ऑक्टोबरची छाटणी एकदा सुरू झाली की माल उतरेपर्यंत त्याला डोकं वर काढता येत नाही. म्हणून यंदा तो अनंत चतुर्दशीला इंदूरला आला, कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला. रात्रभर मिरवणूक पाहिली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला आणि संध्याकाळी चहाचा कप ठेवत म्हणाला, "इथे पायी फिरायला काही आहे का गं? आमच्याकडे मुंबई-पुण्याची मंडळी वाइनरी बघायला येतात ना, ती सकाळी एसटीने आशेवाडीला उतरून रामशेज किल्ला चढून येतात. अर्ध्या दिवसाचं काम. असं काही?"

आहे. माझ्या मनात ताबडतोब महूच्या पुढची टेकडी, जानापाव आलं.

सकाळी सातला आम्ही सरवटे बसस्टँडवर होतो. या स्टँडला तात्या सरवट्यांचं नाव आहे, संविधान सभेत बसलेल्या आपल्या इंदूरच्या मराठी माणसाचं, हे दादाला सांगताना मला दरवेळी होतो तसा आनंद झाला. तो मात्र लाल गाडी शोधत होता. इथे एसटी नाही. मध्य प्रदेशाचं राज्य परिवहन महामंडळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता सगळ्या गाड्या खासगी. मानपूर, धामनोदकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडत असतो, ती ऐकून बसायचं. पोहे-जलेबी स्टँडबाहेरच खाऊन घेतली. पिशवीत पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं आणि शेव.

गाडी राऊ सोडून महूकडे निघाली तेव्हा दादाने विचारलं, हा कुठला रस्ता. मी म्हटलं, तुमचाच. चांदवडवरून जातो तो आग्रा रोड इथे ए. बी. रोड होतो, आग्रा-बॉम्बे. तो खिडकीबाहेर बघत गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे परवा रात्री मी इथूनच आलो, झोपेत." चांदवडचा रंगमहाल होळकरांचा, तिथल्या रेणुकामातेच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंचा. माहेर इंदूर आणि सासर चांदवड असणाऱ्या आत्याला हा रस्ता एकाच घराच्या दोन खोल्यांमधल्या पडवीसारखा वाटतो.

जानापावच्या फाट्यावर उतरायचं असं कंडक्टरला दोनदा सांगितलं होतं. गर्दीत तो विसरला आणि आम्ही बरेच पुढे जाऊन उतरलो. भरधाव ट्रकांच्या कडेने उलटं चालत यावं लागलं, तेवढा अर्धा तास मला अजिबात आवडला नाही. तुम्ही जाल तेव्हा महू सुटल्यावर दाराशी जाऊन उभे राहा, आणि सोबतीला फोनवर नकाशा उघडा ठेवा.

फाट्यावरून आत वळलं की ट्रकांचा आवाज मागे पडतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, पानं पिवळी पडायला लागलेली, मध्येच मक्याचा पट्टा. रस्ता वरपर्यंत डांबरी आहे, गाड्या थेट देवळाशी जातात, पण आम्ही पायवाट धरली. चढ सोपा आहे. गुडघे दुखत नसतील तर सत्तर वर्षांचा माणूसही थांबत थांबत जाईल. सागाची मोठी पानं, पळस, सीताफळाची झुडपं, आणि दगडादगडातून झिरपणारं पाणी. दादा दर दहा पावलांवर खाली वाकत होता. एका ठिकाणी वाटेच्या कडेची माती धसलेली होती. त्याने ढेकूळ उचललं, अंगठ्याने दाबलं, बोटांमध्ये चोळलं, ओलं बोट माझ्यासमोर धरलं. काळं, चिकट. खाली काळा कातळ. "हे आमचंच आहे," तो म्हणाला. "हीच माती. पाणी धरून ठेवते, मुळं कुजवते. आम्ही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, ते जंगली द्राक्ष खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसतं."

माती खरोखरच तीच आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट माळव्यापर्यंत पसरलाय, दख्खनच्या लाव्हाची ती उत्तरेकडची चादर. मग तो वाइनच्या द्राक्षांबद्दल बोलत राहिला. त्याच्याकडे एका एकरात शिराज आहे. मणी लहान, साल जाड, खायला कोणी घेणार नाही. पण खायच्या थॉम्पसनसारखं मणी फुगवायला घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात, बुडवत बसावं लागत नाही. तिथे लक्ष असतं ते साखर किती भरली याकडे. छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर मात्र डाऊनी ही बुरशी दोन्हींना सारखीच गाठते. माझ्यासाठी पाऊस म्हणजे भजी आणि गळणारं छत. तो आकाशाकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे या चालण्यात मला पहिल्यांदा नीट दिसलं.

वर परशुरामाचं देऊळ आहे. जमदग्नींचा आश्रम इथे होता, परशुराम इथे जन्मले अशी श्रद्धा. जमदग्नी म्हटलं की रेणुका आलीच, आणि रेणुका आत्याच्या सासरची कुलस्वामिनी. दादाने चपला काढल्या आणि बराच वेळ हात जोडून उभा राहिला. शेजारी कुंड आहे. चंबळ नदीचा उगम हाच मानतात.

मला जानापाव आवडतं ते इथल्या पाण्यामुळे. ही टेकडी साडेआठशे मीटरांहून उंच, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण काठावर. इथे पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उत्तरेकडच्या उतारावरचं पाणी चंबळ आणि गंभीर घेऊन जातात. चंबळ जवळजवळ साडेनऊशे किलोमीटर वाहत जाऊन यमुनेला मिळते, तिथून गंगा, तिथून बंगालचा उपसागर. दक्षिणेकडचं पाणी अजनार, कारम यांतून नर्मदेत उतरतं आणि अरबी समुद्राला जातं. कारम नदीचं नाव आठवत असेल: 2022च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर बांधत असलेल्या धरणाला गळती लागली आणि खालची गावं रिकामी करावी लागली होती.

आता आमच्या नळाचं बघा. इंदूरच्या काही भागाला यशवंतसागरचं पाणी येतं, तो तलाव गंभीर नदीवर. बाकी शहर नर्मदेवर जगतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी पंपाने विंध्याचा चढ चढवून सत्तर किलोमीटर आणतात, 1978पासून. म्हणजे या टेकडीवरून जे पाणी दक्षिणेला फुकट खाली धावतं, तेच आपण वीज जाळून पुन्हा वर ओढतो. कुंडाच्या काठावर बसून मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "मग सकाळी तू नळ सोडून दात घासत होतीस ते?" मी उत्तर दिलं नाही. पण आता घासताना नळ बंद असतो.

पोळ्या तिथेच खाल्ल्या. ढग खाली आले, देऊळ पाच मिनिटं पूर्ण नाहीसं झालं आणि परत आलं. उतरताना फाट्यावर एक आजी कोळशावर भुट्टे भाजत होत्या. दादा "कणीस" म्हणाला, त्या हसल्या आणि लिंबू-मीठ जरा जास्तच चोळलं. परतीची गाडी पाऊण तासाने मिळाली, तीही उभ्याने. अंधार पडायच्या आत फाट्यावर या, एवढं जरूर पाळा.

दुसऱ्या दिवशी पातालपाणीचा धबधबा. महूपर्यंत बस, पुढे रिक्षा, थोडं पायी. हे चोरल नदीचं पाणी, तेही नर्मदेलाच जातं. सप्टेंबरात धबधबा भरून कोसळत असतो. कठड्याच्या आतच थांबा. 2011च्या जुलैत वरून अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभी असलेली माणसं आपल्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्या दिवसापासून मला तिथे खाली उतरावंसं वाटत नाही. रुळांजवळ टंट्या मामांचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांचं, देऊळ आहे. इंग्रजांनी 4 डिसेंबर 1889ला जबलपूरला त्यांना फाशी दिली आणि देह इथे आणून टाकला असं भिल्ल समाज सांगतो. मीटरगेजच्या गाड्या इथे क्षणभर थांबून सलामी देत असत. पातालपाणी ते कालाकुंड हा घाट पावसाळ्यात हेरिटेज गाडीतून बघता येतो. आम्हाला त्या दिवशी तिकीट मिळालं नाही, आणि कालाकुंडचा कलाकंद राहिला.

दादा त्याच रात्रीच्या गाडीने चांदवडला परतला. कुंडातलं पाणी त्याने आत्यासाठी एका छोट्या बाटलीत भरून घेतलं होतं, रेणुकेच्या पूजेला. बाटली शर्टाच्या खिशात, पिशवीत ठेवायला तयार नव्हता. साडेदहाला त्याचा फोन आला. महू मागे पडलं होतं, आणि या खेपेला तो जागा होता. वर दिवा दिसतोय म्हणाला. मग थोडं थांबून:

"अगं, तो डांबरी रस्ता अगदी देवळाच्या दारापर्यंत जातो ना? आईचे गुडघे गेलेत. पुढच्या भाद्रपदात तिला घेऊन येतो."