स्टेरिंग ढिलंही अन् जामही: एका जुन्या 407चं निदान

कापसाच्या हंगामात हिंगणघाट-पांढरकवडा पट्ट्यातल्या मालवाहू गाड्या गॅरेजवर वाढतात. त्यातलाच एक छोटा ट्रक, ही जुनी टाटा 407, पॉवर स्टेरिंग नसलेली. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, सरळ रोडावर गाडी डावी-उजवी पळते जी, अन् मोडावर स्टेरिंग वापसच येत नाही."

गाडी भटकते ती ढिलाईमुळे आणि स्टेरिंग परत येत नाही ते कुठंतरी जाम असल्यामुळे. दोन्ही तक्रारी एकत्र आल्या की मी आधी विचारतो, अगोदर काय काम केलं? दुसऱ्या एका ठिकाणी स्टेरिंग बॉक्सवरचा (स्टेरिंगचं फिरणं चाकांकडे देणारी दात्यांची पेटी), दातांमधली फट कमी करणारा स्क्रू आवळून घेतला होता. ढिलाई दिसली की स्क्रू आवळायचा, ही फार धोक्याची सवय आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्सचे दात मधल्या भागात झिजतात. मधला प्ले (सैलपणा) मारायला स्क्रू आवळला की न झिजलेल्या बाजूच्या भागात दात फसतात. शिवाय ढिलाई बॉक्सच्या आत नसेल, तर ती जशीच्या तशी राहते.

म्हणून चाकं जमिनीवर ठेवून इंजिन बंद केलं. पोऱ्याला स्टेरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायला सांगितलं आणि मी खाली गेलो. सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून एक बोट टेकवायचं, अर्ध्या मिलिमीटरचा प्लेही कळतो. टायरॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक) ठीक, ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) ठीक, ड्रॉप आर्मची (बॉक्समधून निघालेला हात) बैठक घट्ट. बॉक्सवर हात ठेवला, तर अख्खा बॉक्सच चेसिसवर हलत होता! बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी साचली होती. लोखंडावर लोखंड घासलं की ती पडते. डिझेल आणि ब्रशनं चिखल-ग्रीस काढल्यावर बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर बॉक्स चेसिसला धरणाऱ्या ब्रॅकेटवर दिसली. गाडी भटकत होती ती यामुळे.

आता जाम कुठं? ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडली. बॉल जॉइंट (लिंकच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) काढताना आट्यांवर हातोडा मारू नये. पुलर लावावा, नाहीतर जॉइंट ज्या डोळ्यात बसतो त्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम हातोडे मारावेत. नुसतं स्टेरिंग फिरवलं, तर मधे बरं आणि बाजूला जड. म्हणजे स्क्रू जास्त आवळलेला. मग एक्सल उचलून घोड्यावर (स्टँडवर) घेतला, टायरॉड सोडला आणि चाकं हातानं वळवली. उजवं सहज वळलं, डावं करकरत. डावं चाक वर-खाली धरून हलवलं, पोऱ्यानं ब्रेक दाबून ठेवला, तरी प्ले तसाच. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाची बेअरिंग ढिली. राहिला तर किंगपिनचे (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) बुश गेलेले.

किंगपिन काढला. थ्रस्ट बेअरिंगचा (किंगपिनपाशी वजन पेलणारी बेअरिंग) चुरा झाला होता. ग्रीस भरायच्या निपलमध्ये काळ्या मातीचा चिखल वाळून बसला होता, ग्रीस आत जातच नव्हतं. निपल मोकळा असला तरी चाकं जमिनीवर ठेवून ग्रीस मारू नये. वजन थ्रस्ट बेअरिंगवर असतं, ग्रीस तिथवर पोचत नाही. एक्सल उचलूनच मारावं.

किंगपिन सेट जोडीनं बदलला, बुश रीमरनं मापात करून घेतले. ब्रॅकेट वेल्डिंग न करता नवीन टाकला, हाय-टेन्सिल बोल्टसह; जुनी चीर वेल्डिंगच्या कडेनं पुन्हा फुटते आणि इथं गाडीची दिशा लटकलेली असते. बॉक्समधलं तेल बदललं. ड्रॅग लिंक सुटलेली असतानाच स्टेरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर निम्म्यावर आणलं, स्क्रू मागे घेतला, मग मधे जेमतेम अडकाव जाणवेल इतकाच आत घेऊन लॉकनट आवळला. पुन्हा टोक ते टोक फिरवून पाहिलं, कुठंही अडलं नाही. किंगपिन बदलल्यावर टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल) तपासावाच लागतो, नाहीतर नवे टायरही कडेनं खाल्ले जातात. जुळणी पुस्तकातल्या मापाप्रमाणे केली.

बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ मारून दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "जिनिंगवर कापूस खाली केला की बॅटरी घेऊन खाली पाहा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सरकला समजा, अन् भरती न करता सरळ इकडे या."