अक्कांच्या पासबुकातली एक ओळ

"बाळा, हे पैसे कोणी काढले?"

बँकेच्या रांगेत कुंभारीच्या अक्का विचारत होत्या. विड्या वळणारं त्यांचं बोट पासबुकातल्या एका ओळीवर टेकलेलं.

कोणीच काढले नव्हते. किमान शिल्लक नाही म्हणून बँकेनंच दंड कापलेला. वर जीएसटी!

खात्यात पैसे कमी, म्हणून त्यातलेच आणखी कापायचे? मला हे अजिबात पटत नाही.

रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा नियम सांगतो, दंडाआधी ग्राहकाला कळवा, केवळ दंडामुळे खातं उणे होऊ देऊ नका. एसएमएस आला असेलही, पण अक्कांना वाचता कुठे येतं?

स्टेट बँकेनं २०२० मध्ये बचत खात्यांवरचा हा दंडच बंद केला. मग सगळ्याच बँकांसाठी तसा कायदा का नको?