दूध कशात तापवता?

पुण्याच्या कसब्यातल्या त्या वाड्याचा जिना चढताना हातातल्या कागदावरचं एकच उत्तर मला खटकत होतं. ‘बाळाचं दूध कशात तापवता? – स्टील.’

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टर होते. चौदा महिन्यांचा मुलगा, पोट टम्म, हातापायांच्या काड्या आणि बोटांना लागणारी लिव्हरची टणक, धारदार कडा. ‘बाळाला लिव्हर झालंय’ म्हटलं की घरच्यांचा धीरच सुटायचा. बरीचशी मुलं काही महिन्यांत जायची. तपासणीत लिव्हरमध्ये तांबं ठासून भरलेलं दिसायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात संशय घेतला होता तो तांब्या-पितळेच्या भांड्यातल्या वरच्या दुधावर. म्हणून आम्ही प्रत्येक आईला भांडं विचारायचो.

ही आई खोटं बोलली नव्हती. ओट्यावर स्टीलचंच पातेलं होतं. “पण बाळाचं दूध आईंकडे असतं,” ती म्हणाली. सासूबाईंनी शेगडीच्या कडेची छोटी पितळी चरवी पुढे केली. तापलेलं दूध तिच्यात ओतायचं, दिवसभर कोमट राहतं. बाहेरून चिंचेने घासून लखलखीत. आत कल्हईचा मागमूस नव्हता.

“याच्या बापाला यातच पाजलं. त्याला कुठं काय झालं?”

“तेव्हा कल्हई लावायचात?”

“दर दिवाळीला. आता कुठला कल्हईवाला येतो दारावर?”

तांबट आळी तिथून हाकेच्या अंतरावर!

कथलाचा थर गेला की दुधातलं केसिन हे प्रथिन पितळेतल्या तांब्याला धरून ठेवतं. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं. तान्ह्या बाळाच्या यकृतात ते मुळातच भरपूर असतं आणि पित्तावाटे बाहेर टाकायची यंत्रणा अजून कच्ची. असं दूध प्यालेली सगळीच मुलं आजारी पडत नसत, काहींचा पिंडच नाजूक असावा. (तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणारी मोठी माणसं मला आजही घाबरून विचारतात. दूध वेगळं, साधं पाणी वेगळं. शिवाय मोठ्या माणसाला रोज सुमारे ०.९ मिलिग्रॅम तांबं लागतंच. त्या भांड्यात ताक किंवा लिंबाचं सरबत ठेवू नका म्हणजे झालं.)

आजींना सांगताना मी शब्द जपून वापरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, चरवी मोरीत नेऊन पालथी घातली. मग पदराला हात पुसत, सुनेकडे न बघता विचारलं,

“म्हणजे थोरलीला पण...?”

थोरलीबद्दल कागदावर एकच ओळ होती : दीड वर्षाची असताना गेली, पोट फुगून. मी काही बोलले नाही.

मुलाला पेनिसिलामाइन सुरू केलं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं, पण दुखणं फार पुढे गेलेलं नसेल तरच. तो वाचला. वर्षभराने आईच्या कडेवर बसून तपासणीला आला, माझा स्टेथोस्कोप ओढत.

“आजी नाही आल्या?” मी विचारलं.

“घरीच आहेत,” ती म्हणाली. “तेव्हापासून दुधाला शिवत नाहीत. चहासुद्धा कोराच घेतात.”